कावळ्यानं नेलेली चप्पल

नांदेड,
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,
आदाब आणि नमस्कार, दोन्ही.

मी नाझनीन. मुखेडच्या शाळेत सातवीला तुमच्या वर्गात होते, खिडकीकडच्या रांगेत. बाजाराच्या तोंडाशी आमच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, तुमच्या शर्टांच्या कॉलरी ते उलटवून द्यायचे. तुमचा लातूरचा पत्ता सिद्धेश्वरनं दिला. तो आता एस.टी.त कंडक्टर आहे. तुम्ही मागे त्याच्या गाडीत बसलात आणि तिकिटाआधी त्यालाच कवितेचं पुढचं कडवं विचारलंत म्हणे. फोन करते म्हटलं तर म्हणाला, "सरला फोनवर ऐकू येत न्हाई, नुसतं हॅलो हॅलो करून राहतेत. चिठ्ठीच लिही."

मी पुण्यात जपानी शिकले, तिथंच काही वर्षं नोकरी केली, मग अम्मीच्या दुखण्यासाठी परत आले. आता इथल्या एका खाजगी शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना जपानी शिकवते. सात मुलं आहेत. शाळा सुटल्यावर एका कोपऱ्यातल्या खोलीत बसतो आम्ही. पंखा आहे, पण तो फिरत नाही.

अडचण सांगते. मुलांना शब्द येतात, अक्षरं येतात, वाक्यंही येतात. गोष्ट येत नाही. माझ्याकडे सहा चित्रं आहेत. एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ नदीवर जातात. ती चपला काढून दगडावर ठेवते. कावळा एक चप्पल उचलून नेतो. दोघं त्याच्या मागे धावतात, तेवढ्यात दुसरी नदीत वाहून जाते. मग भाऊ आपली एक चप्पल बहिणीला देतो. शेवटच्या चित्रात दोघंही एका पायात चप्पल घालून लंगडत दारात येतात आणि आई तोंडावर हात ठेवून उभी असते. बघा, किती छान आहे! आणि आमची साक्षी काय म्हणते? "मुलगी आहे. भाऊ आहे. नदी आहे. कावळा आहे. आई आहे." सर, हजेरी घेतल्यासारखं. कोण कुणामागे का पळतंय, कुणाला वाईट वाटलं, काही नाही. फार ओरडले तर प्रत्येक वाक्याआधी "आणि मग" लावतात, बस.

आमचे सचिव शिवप्रसाद सर म्हणाले आहेत, फेब्रुवारीत पुण्याहून एक परीक्षक बाई येतील, प्रत्येक मुलाला चित्रं देतील. मुलांनी गोष्ट सांगितली तर वर्ग चालू राहील. नाहीतर जूनपासून त्या खोलीत अबॅकस.

तुम्ही आम्हाला कसं बोलतं केलं होतं, सर? मला आठवतंय ते एवढंच, की तुमच्या तासाला सगळा वर्ग डुलायचा. उत्तर द्याल? मी थकले आहे, म्हणून विचारते.

तुमची विद्यार्थिनी,
नाझनीन


लातूर,
१७ ऑगस्ट २०२४

चि. नाझनीन,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी अंगणात टँकरच्या पाण्याची वाट पाहत बसलो होतो. पाण्याआधी तू आलीस. आमच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, बँकेचं असेल." मी म्हटलं, बँक 'आदरणीय' लिहीत नाही.

खिडकीकडची रांग मला दिसते, बाई. त्या खिडकीतून लिंबाची फांदी आत यायची आणि चैत्रात तिचा मोहर वह्यांवर पडायचा. तू तो फुंकून टाकायचीस का जपून ठेवायचीस, ते मात्र आठवत नाही. हल्ली मला असं अर्धंच आठवतं. पण कविता अख्ख्या आठवतात. दुपारच्या तासाला आपण म्हणायला लागलो की शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडायचं. कुणी एक कडवं चुकलं तर बाकीचे चाळीस जण त्याला उचलून पलीकडे नेत. मी काही शिकवत नव्हतो गं. चाल शिकवायची ती.

तेव्हा माझं ऐक. त्या सहा चित्रांची तूच एक सुंदर गोष्ट लिही. ठसठशीत, चांगल्या शब्दांची. तिला चाल लाव. सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घे, रोज. कावळ्यापाशी आवाज चढव, भावापाशी उतरव. भाषा अशीच अंगात उतरते. आम्हाला कुठं पहिल्या दिवशी कवितेचा अर्थ कळला होता? वीस वर्षांनी एखाद्या बसस्टँडवर कळला.

इथं मी बरा आहे. सुदर्शन सकाळी ऑफिसला जातो. नात आरती डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला जाते; लातुरात आता पोरं जन्मतात ती थेट क्लासलाच. ती घरी आली की कानात मोबाइलची बोंडं घालून बसते. दिवसभर घर इतकं शांत असतं की मी कधी कधी मोठ्यानं खोकतो. तुझी चाल कशी जमते ते कळव. सविस्तर कळव. मला वेळच वेळ आहे.

तुझा,
वैजनाथ सर


नांदेड,
२० ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,

जमलं!

तुमच्या सांगण्याप्रमाणे गोष्ट लिहिली, चाल लावली. पहिला आठवडा मुलं हसली, दुसऱ्या आठवड्यात डुलायला लागली. आता खोलीतून आवाज येतो तेव्हा वरांड्यातली माणसं थांबतात. आमचे शिपाई दगडोबामामा घंटेच्या दोरीपाशी उभे राहून कावळ्याची ओळ गुणगुणतात, अर्थ न कळता. मी अर्थ सांगितला तर म्हणाले, "हाव का? मला वाटलं देवाचं काय हाय."

शिवप्रसाद सरांनी पालकांच्या सभेत म्हणायला लावलं. टाळ्या पडल्या. साक्षीची आई लोह्याच्या पुढच्या खेड्यातून आली होती, पदर डोळ्याला लावून बसली. सर, कितीतरी दिवसांनी मी घरी जाताना गुरुद्वाऱ्यापाशी रिक्षातून उतरून उरलेलं अंतर चालत गेले.

एकच लहानसं. आमचा मुनीब मध्येच म्हणाला, "मॅडम, कव्वे की जगा बिल्ली रही तो?" मी म्हटलं, चित्रात कावळा आहे ना, मग कावळाच म्हण. तसंच म्हणाला. चांगला मुलगा आहे, पण चाल मोडतो.

तुमची तब्येत?

नाझनीन


लातूर,
३ नोव्हेंबर २०२४

चि. नाझनीन,
आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीचं फराळाचं ताट होऊन आलं. मी ते सुदर्शनला वाचून दाखवलं, दूधवाल्याला वाचून दाखवलं, पेन्शनच्या रांगेत पुढच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, "गुरुजी, रांग सरकली."

चाळीस वर्षं खडू झिजवला तो अगदीच वाया गेला नाही म्हणायचा. नांदेडात गोदेच्या काठी पोरं परक्या भाषेत डुलतायत, या कल्पनेनंच मला दुपारी झोप येते, आणि स्वप्नात मी पुन्हा तो तास घेतो. मुनीबकडे लक्ष नको देऊस. प्रत्येक वर्गात एक तरी चाल मोडणारा असतोच.

डोळ्यापुढे थोडं धुकं येतं, त्याचं काही नाही. अक्षर मोठं काढत जा.

वैजनाथ सर


नांदेड,
१२ जानेवारी २०२५

सर,

पुण्याच्या बाई सहज म्हणून मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. परीक्षा फेब्रुवारीतच आहे, पण त्यांना मुलं आधी बघायची होती. त्यांनी त्यांची चित्रं आणली होती. फुगेवाल्याचे फुगे सुटतात, शेळीच्या शिंगांना अडकतात, शेळी घाबरून रस्त्यानं पळते आणि एक लहान पोरगं रडायला लागतं.

साक्षी उभी राहिली. हात मागे बांधले. आणि सुरात म्हणाली, "एकदा एक मुलगी आपल्या भावाबरोबर नदीवर गेली." बाईंनी शेळीवर बोट ठेवलं. साक्षीचा आवाज चढला, कारण कावळा आला होता. बाईंनी हळूच विचारलं, "हे बाळ का रडतंय?" साक्षीनं त्या बाळाकडे नीट बघितलं, सर. मला दिसलं, तिला कळलं होतं. पण तोंडातून आलं ते भावानं चप्पल दिल्याचं कडवंच. तिला थांबता येईना. मागची मुलं तोंडातल्या तोंडात साथ द्यायला लागली. शिवप्रसाद सर दारात उभे होते. ते हसले असते तरी बरं झालं असतं.

बाई रागावल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "पाठांतर चांगलंय." साक्षी त्यानंतर दोन दिवस वर्गात आली नाही. मुनीब म्हणाला, "मैं बोला था ना मॅडम." त्याला रागवायचाही मला जोर राहिला नाही.

तुमचा दोष नाही असं लिहिणार होते. लिहवत नाही. तुम्ही कवितेचं सांगितलंत आणि मी गोष्टीला लावलं. आपण दोघांनी मिळून सात मुलांना एकच जीभ दिली. आता महिन्यात काय होणार? सकाळी उठावंसं वाटत नाही. अम्मी म्हणते अबॅकसच शीक, त्यात निदान मणी तरी हलतात.

नाझनीन


लातूर,
१९ जानेवारी २०२५

चि. नाझनीन,

चुकलं. माझं चुकलं. पुढे.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी कवितेची एक ओळही म्हटली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. आरतीच्या मोबाइलची बॅटरीही संपली होती. बिचारी अंधारात बसली, तर समोर मी. काय करणार? म्हणाली, "बाबा, काहीतरी सांगा."

मी तिला माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावातलं सांगितलं. एक दिवस मी शाळेत पोहोचायच्या आधी एक वानर येऊन माझ्या खुर्चीवर बसलं, आणि पहिलीच्या पोरांनी सवयीनं उभं राहून त्याला 'नमस्ते गुरुजी' म्हटलं. आरती म्हणाली, "हं." मग म्हणाली, "मग?" मग म्हणाली, "खरंच? वानर काय म्हणालं?" आणि नाझनीन, मला जे आठवत नव्हतं ते आठवायला लागलं. वानरानं हजेरीपट उघडला होता. एका पोरानं त्याला शेंगा दिल्या, कारण तोंडी परीक्षा जवळ आली होती. प्रत्येक हुंकारामागे एक दार उघडत होतं. तेवढ्यात वीज आली, मोबाइल लावला गेला, बोंडं कानात गेली. हुंकार थांबला. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं, ते तिथंच वाळलं. मी वानराला खुर्चीवर सोडून उठलो.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लहानपणी शेंगा फोडायला बायका बसायच्या आणि आत्या गोष्ट सांगायची. पण आधी एका पोराला हुंकाराला नेमायची. ते नेमणं मोठं मानाचं. त्यानं दर वाक्याला 'हं' म्हणायचं, अडलं तर 'मग?' म्हणायचं, पटलं नाही तर 'असं कसं?' विचारायचं. त्याला झोप लागली की आत्या गोष्ट तिथंच थांबवायची. राजकुमार घोड्यावर चढता चढता राहायचा, दुसऱ्या दिवसापर्यंत.

कविता माणूस विहिरीत तोंड घालून एकटाही म्हणू शकतो. गोष्टीला समोर कुणीतरी लागतं. मी आयुष्यभर कविता शिकवली आणि तिलाच गोष्ट समजत आलो. तुझी मुलं भिंतीला गोष्ट सांगतायत. त्यांना हुंकाराला कुणी नेम. आणि आधी त्यांच्या घरच्या बोलीत सांगू दे. घरच्या भाषेत ज्याला 'का' सांगता येतं, त्याला परक्या भाषेतही ते कधीतरी सापडेल.

वैजनाथ सर


नांदेड,
६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

तुमचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. जपानी लोकांत ही गोष्ट आहे, सर! समोरचा बोलत असताना ऐकणारा सारखा 'उन्, उन्' करतो, 'सोरे दे?' म्हणतो, म्हणजे 'मग?' गप्प राहिलात तर बोलणाऱ्याला वाटतं आपलं काही चुकलं. मी पुण्यात मोठ्या लोकांकडून हे शब्द शिष्टाचार म्हणून पाठ करून घेत होते. मुलांना शिकवावेत असं मनातही आलं नाही.

जोड्या लावल्या. एक सांगणार, एक हुंकाराला. पहिले दिवस घरच्या बोलीत. साक्षी सांगायला, मुनीब ऐकायला. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं, तसंच लिहिते.

साक्षी: "कावळ्यानं चप्पल नेली."
मुनीब: "हं. कायकू? उसके पावां हैं क्या चप्पल पैनने कू?"
साक्षी: "आरं, त्याला वाटलं खायचं हाय. लई भूक लागली व्हती त्याला."
मुनीब: "फिर? भाई अपनी चप्पल कायकू दिया? पागल है क्या?"
साक्षी: "तिचे पाय भाजून राहिले व्हते. आन् त्यानंच तिला नदीवर चल म्हणलं व्हतं ना. म्हणून."

सर, हे चित्रात कुठंही नाही. कुणी कुणाला चल म्हटलं ते चित्रात नाही. ते तिनं आणलं.

मग जपानीत. शब्द तुटतात, मध्येच मराठी येतं, पण आता 'कावळा आहे' असं कुणी म्हणत नाही. आता पोरं एकाच्या बाजूनं उभी राहतात. कुणी भावाच्या, कुणी आईच्या. मुनीब तर कावळ्याच्याच बाजूनं सांगतो. त्याच्या गोष्टीत कावळ्याला घरी गेल्यावर बोलणी बसतात.

पण एक आहे. परीक्षेचा नियम आला. एका वेळी एकच मूल आत. परीक्षक चित्रं देतील आणि गप्प बसतील. मान हलवायची नाही, हं म्हणायचं नाही, सगळ्यांना सारखं माप म्हणून. म्हणजे पुन्हा भिंतच. काय करू?

नाझनीन


लातूर,
११ फेब्रुवारी २०२५

चि. नाझनीन,

नियम मोडायला शिकवू नकोस. मुलांना एवढंच सांग की भिंतीलाही कान असतील असं समजून बोला. मला दुसरं सुचत नाही. हल्ली दुपारनंतर काहीच सुचत नाही. अक्षर सांडलंय, ते डोळ्यांमुळे.

वैजनाथ सर


नांदेड,
२५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

परीक्षा झाली. मी अर्ध्या उघड्या दाराबाहेर बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

चित्रं नवीन होती. आजोबांचा चष्मा हरवतो, ते घरभर शोधतात, आणि तो टोपलीत कोंबडीच्या खाली असतो. पहिल्या दोन मुलांनी सुरुवात बरी केली, मग बाईंच्या दगडासारख्या चेहऱ्याकडे बघून आवाज आटत गेला. दुसरी तर शेवटी "आजोबा आहेत, कोंबडी आहे" वर आली. मी पदराचं टोक चावत होते.

मग साक्षी. दोन वाक्यं बोलली. थांबली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिनं जपानीत विचारलं, "बाई, ऐकताय ना?"

आत कागद सरकल्याचा आवाज झाला. मग बाईंच्या तोंडून निघून गेलं, "उन्."

आणि सर, ती सुटली! आजोबांना कोंबडी नीट दिसत नव्हती, कारण चष्मा नव्हता. चष्मा सापडत नव्हता, कारण वर कोंबडी होती. कोंबडी उठत नव्हती, कारण तिला वाटत होतं, हे अंडं तिनंच घातलंय. बाई हसल्या. मोठ्यानं. "सोरे दे?" म्हणाल्या, दोनदा. बाहेर आल्यावर साक्षीनं पुढच्या मुलांच्या कानात सांगितलं, "आधी विचारा ऐकताय का म्हणून." त्यानंतरच्या सगळ्यांनी विचारलं. बाई सगळ्यांशी बोलल्या. मुनीबनं कोंबडीला वकील दिला.

बाई फार सरळ निघाल्या. अहवालात त्यांनी लिहिलं की परीक्षक बोलल्यामुळे साक्षीपासूनच्या सगळ्या मुलांचं माप घेता येत नाही, ते कोरं सोडलंय. खाली आपल्या हातानं लिहिलं की इतक्या लहान मुलांकडून इतक्या जिवंत गोष्टी त्यांनी क्वचित ऐकल्या आहेत. शिवप्रसाद सरांनी वरचा तक्ता बघितला. "मॅडम, मला एका शब्दात सांगा. पास का नापास? दोन नापास अन् बाकी कोरे, हे मी कमिटीला कसं दाखवू?" मी खालच्या ओळी दाखवल्या. म्हणाले, "ते कौतुक झालं."

वाईट माणूस नाही तो. त्याला खोली भरलेली दाखवायची आहे. जूनपासून अबॅकस. मला म्हणाले, "तुम्हीच घ्या ना, तुम्हाला पोरं सांभाळता येतात." मी विचार करते म्हणाले. भांडायला हवं होतं, पण तिथंच खुर्चीवर बसावंसं वाटत होतं.

मुलांना अजून सांगितलेलं नाही.

नाझनीन


लातूर,
९ मार्च २०२५

चि. नाझनीन,

हे पत्र आरतीकडून लिहून घेतोय. मी सांगतो, ती लिहिते. मध्ये मध्ये ती "हे नको लिहायला बाबा" म्हणते, ते वगळलंय.

वर्ग गेला, याचं सांत्वन मला येत नाही. निवृत्त झालो तेव्हा मला शाल दिली होती. शालीनं काय होतं ते मला माहीत आहे. अबॅकस घ्यायचं तर घे. नाही घ्यायचं तर नको घेऊस. थकलेल्या माणसानं लगेच ठरवू नये एवढंच.

मला एक कळव. वर्गाचा शेवटचा दिवस कोणता? मी येतो. अहमदपूर-लोहा मार्गे पहाटेची गाडी आहे. मला जपानीतलं अक्षर कळत नाही, पण ऐकायला बसेन. सुदर्शन नको म्हणतोय, त्याला मी अजून ऐकू येत नसल्याचं दाखवतो.

(मॅडम, मी आरती. बाबांना एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. ते सांगणार नाहीत. बसस्टँडवर कुणीतरी घ्यायला या प्लीज. आणि वानर खरंच हजेरीपट उघडून बसलं होतं का, ते तुम्हाला माहीत आहे का?)

वैजनाथ सर


नांदेड,
१९ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

परवा बसस्टँडवर नीट बोलता आलं नाही, सिद्धेश्वरनं तुम्हाला हाताला धरून गाडीत चढवलं आणि गाडी निघालीच. म्हणून तुम्हाला जे कळलं नाही ते लिहिते.

तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसलात, मुलं एकेक करून सांगू लागली आणि तुम्ही 'हं, हं' करू लागलात. बहुतेक वेळा चुकीच्या जागी. मुनीबचा कावळा मेला तिथं तुम्ही "वा!" म्हणालात. मुलांनी ओठ चावून हसू दाबलं. मग साक्षी उठली. तिच्या हातात चित्रं नव्हती. तिची गोष्ट सुरू झाल्यावर थोड्या वेळानं तुमचा हुंकार हळू झाला आणि मान छातीवर आली.

साक्षी थांबली. वाक्याच्या मध्यात. मी खूण केली, चालू दे. तिनं नाही म्हणून मान हलवली. दगडोबामामांनी घंटा दिली. जादा तासांना थांबलेली बाकीच्या वर्गांतली पोरं ओरडत घरी गेली. आमच्या खोलीतलं कुणी हललं नाही. साक्षीची आई दारात येऊन उभी राहिली, "चल की गं, गाडी जाईल." साक्षी म्हणाली, "थांब की आये. ऐकणारे झोपलेत."

तुम्ही जागे झालात आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणालात, "हं. मग?" तिथून तिनं पुढे सुरू केलं. तुम्हाला अर्थ कळला नाही, म्हणून तिची गोष्ट खाली उतरवते. जपानीत ती याहून साधी आहे.

"एक खोली होती. पंखा होता, पण फिरत नव्हता. तिथं सात मुलं एक परकी भाषा शिकत होती. आधी ती पोपट होती, मग हळूहळू मुलं झाली. पण तोवर उशीर झाला. जूनपासून खोलीत मणी येणार होते. मॅडमनी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगताना त्यांना रडू आलं असतं. पण दगडोबामामांनी सांगितलं, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. मग लांबून एक आजोबा आले. त्यांना ती भाषा येत नव्हती, तरी ते ऐकत होते. मध्येच ते झोपले. कंटाळा आला म्हणून नाही, बस पहाटेची होती म्हणून. मुलं थांबली. आजोबा उठले. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या आणि बाहेर काही नव्हतं तरी बाहेरच बघत होत्या. मुलांना वाटलं, अजून थोडं बसावं. पण गोष्ट संपत आली होती आणि साक्षीची गाडी जाणार होती. म्हणून मग मॅडम म्हणाल्या, चला, खिडक्या लावून घ्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. सगळीच बघत राहिली. मला अजून थोडा वेळ तसंच उभं राहायचं होतं, सर.

"चला," मी म्हटलं, "खिडक्या लावून घ्या."

तुमची,
नाझनीन